बुडीत मजुरी

२३ फेब्रुवारी २०२६ला गाडगेबाबांच्या जन्माला दीडशे वर्षं पूर्ण होतात. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. त्यांच्या नावाने जयंतीला प्रभातफेऱ्या निघतात, गावांतले रस्ते झाडले जातात, शाळांतून भाषणं होतात. राज्य सरकारने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचंच नाव दिलं, त्यामुळे आजच्या मुलांना बाबा माहीत आहेत ते हातातल्या खराट्यामुळे. खराट्याचं स्मरण योग्यच आहे. पण लोकांनी विश्वासाने हाती दिलेला पैसा बाबांनी कशात घातला ते पाहायला गेलं, तर समोर येतात धर्मशाळा. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू. आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ.

यादीतल्या या शेवटच्या नावापाशी मी नेहमी थांबतो. तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधण्याची आपली परंपरा जुनी आहे. रुग्णालयाच्या दाराशी धर्मशाळा हवी, आणि ती रोग्यासाठी नव्हे तर त्याच्यासोबत गावाहून आलेल्या माणसासाठी हवी, हे ज्याला सुचलं त्याने रुग्णालयाच्या पायऱ्यांवर झोपलेली माणसं नीट पाहिली असली पाहिजेत. रोग्याला आत खाट मिळते. बरोबर आलेली बायको, आई, भाऊ रात्री कुठे पाठ टेकतात, सकाळी तोंड कुठे धुतात, दोन वेळा काय खातात, हे तेव्हाही कुणी विचारत नव्हतं.

बाबांचा जो दहा कलमी संदेश ठिकठिकाणी फलकांवर दिसतो, तो या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावा. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, बेकाराला रोजगार, गरिबाच्या मुलांना शिक्षण, दुःखी आणि निराश माणसाला हिंमत, अशी ती कलमं आहेत. आजाऱ्याला औषधोपचार हे त्यातलं एक. दहातलं एक! आणि माणूस आजारी पडून रुग्णालयात दाखल होतो तेव्हा यातली बाकीची बहुतेक कलमं एकाच वेळी त्याच्या घरावर येऊन आदळतात. अन्न, आसरा, रोजगार, मुलांची शाळा आणि हिंमत, सगळंच एका आठवड्यात डळमळायला लागतं.

आठ-दहा वर्षांपूर्वी वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी मी एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात तीन आठवडे काढले. शेजारच्या खाटेवर मराठवाड्यातला एक शेतमजूर होता. त्याचीही शस्त्रक्रिया झाली होती, सरकारी योजनेतून, एक पैसाही न भरता. त्याची बायको दोन खाटांमधल्या जागेत चटई टाकून झोपायची. वॉर्डात जेवणाची गाडी यायची. पोळ्या, भात, वरण, भाजी, एक अंडं. तो माणूस रोज अर्धं ताट बाजूला ठेवायचा. सिस्टर रागवायच्या, "काका, संपवा ते, जखम भरायची आहे." तो मान हलवायचा. सिस्टर पुढच्या खाटेकडे वळल्या की ताट हळूच खाली जायचं.

एकदा मी त्याच्या बायकोला, मावशींना, विचारलं, बाहेर काही खात नाही का? त्या म्हणाल्या, "बाहेर साठ-सत्तर रुपयं पडतात दादा. दोन टायमाचे किती झाले? घरी लेकरं हायेत, शेळी शेजारणीकडं बांधून आलेय. आपरेशन फुकट झालं, पर इथलं राहणं कुठं फुकट हाय?" त्या तक्रार करत नव्हत्या. हिशेब सांगत होत्या. त्या हिशेबातली सगळ्यात मोठी रक्कम मात्र त्यांनी धरलीच नव्हती. नवरा-बायको दोघंही कामावर नव्हते, म्हणजे दोन मजुऱ्या रोज बुडत होत्या.

आपण तो आकडा मांडून पाहू. पुरुषाची मजुरी पाचशे आणि बाईची तीनशे धरली, तरी रोजचे आठशे रुपये. पंधरा दिवस रुग्णालयात काढले तर बारा हजार बुडाले. त्यात सोबतच्या माणसाचं खाणं, एसटीच्या फेऱ्या, बाहेरून आणायला सांगितलेल्या किरकोळ वस्तू, गावाकडे मुलांना सांभाळणाऱ्या घरी पाठवायचे चार पैसे. घरी परतल्यावर डॉक्टर सांगतात, दोन महिने ओझं उचलायचं नाही. शेतमजुराला हे सांगणं म्हणजे दोन महिने कमवायचं नाही असंच सांगणं आहे. शस्त्रक्रियेचा दीड-दोन लाखांचा खर्च सरकारने उचलला, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण या बाकीच्या पैशांसाठी मंगळसूत्र गहाण पडतं, बचतगटाचं कर्ज निघतं, शेळी विकली जाते, नाहीतर ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेतली जाते. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं एक माणूस आजारी पडलं की कोयताच थांबतो आणि मुकादम खाडा लावतो. म्हणजे मजुरी बुडते ती बुडतेच, वर अंगावरची उचल वाढते.

महाराष्ट्राने उपचारांच्या बाजूने केलेलं काम कमी लेखू नये. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढच्या वर्षी राज्यभर गेली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या नावाने आता ती चालते, आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण तिच्यात आहे. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुख्यमंत्री सहायता निधी आहे, देवस्थानांचे निधी आहेत. या सगळ्या व्यवस्थांचा एक समान नियम असा की पैसा रुग्णालयाकडे जातो. गैरव्यवहार टाळायला तो नियम योग्यही आहे. पण त्यामुळे संपूर्ण मदतीच्या जाळ्यात खुद्द कुटुंबाच्या हातात जवळजवळ काहीच पडत नाही. खाट भरते, बिल भागतं, आणि चटईवरची बाई उपाशी राहते.

याचा परिणाम थेट उपचारावर होतो, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. वॉर्डातून रुग्ण मध्येच निघून जातात. बोलताना म्हणतात, 'पेशंट पळाला.' जो रीतसर जातो त्याच्याकडून कागदावर लिहून घेतात की डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेत आहे. केसपेपरवर तेवढंच उरतं. खरं कारण बहुतेक वेळा सल्ल्याशी संबंधित नसतंच. राहायचे पैसे संपलेले असतात, पेरणी आलेली असते, घरी धाकटं मूल तापाने फणफणलेलं असतं. किमोथेरपीच्या तिसऱ्या फेरीला न आलेला रुग्ण निष्काळजी होता असं आपण किती सहज ठरवून टाकतो!

परळच्या टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागाने हे कोडं वेगळ्या बाजूने सोडवलं. तिथे उपचार नाकारणाऱ्या किंवा अर्धवट सोडणाऱ्या मुलांचं प्रमाण २००९च्या सुमारास २० टक्क्यांच्या घरात होतं. औषधं तीच, डॉक्टर तेच. मग राहण्याची सोय, रेशन, प्रवासखर्च, समुपदेशन, न आलेल्या कुटुंबाला फोन करून विचारपूस, अशी घडी बसवली गेली आणि काही वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. 'सेंट ज्यूड' संस्थेने २००६पासून कर्करोगग्रस्त मुलं आणि त्यांच्या आईवडिलांना मोफत घरं दिली. तिथे प्रत्येक कुटुंबाला स्वयंपाकाची स्वतःची जागा असते. बंगालची आई आपल्या पद्धतीचा भात करते, विदर्भातली आई भाकरी थापते, आणि किमोने तोंडाची चव गेलेलं मूल निदान ओळखीच्या वासाने दोन घास खातं. परळमध्येच १९६८ साली स्थापन झालेल्या नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आजही टाटातल्या रुग्णांनी भरलेली असते. तरीही परळच्या पदपथांवर प्लास्टिकच्या कागदाखाली राहणारी कुटुंबं संपलेली नाहीत. मोजक्या संस्थांनी कितीही केलं तरी गरज त्याहून मोठी आहे.

मी वर ज्या अर्ध्या ताटाबद्दल लिहिलं, त्याची आठवण मला झारखंडमधला एक अभ्यास वाचताना झाली. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखालचा हा अभ्यास २०२३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात क्षयाच्या २,८०० रुग्णांना औषधांबरोबर महिन्याला दहा किलोंचा शिधा दिला गेला. त्यांतल्या निम्म्या घरांत बाकीच्या प्रत्येक मोठ्या माणसासाठीही पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ गेली. या घरांतल्या माणसांना नव्याने क्षय होण्याचं प्रमाण इतर घरांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी निघालं, आणि संसर्ग पसरवणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचं तर ४८ टक्क्यांनी. कुठलीही नवी लस नव्हती. तांदूळ, डाळ, दूध पावडर आणि तेल होतं. हा अभ्यास करणाऱ्यांना आपल्या घरांतली रीत माहीत होती. घरात सगळे अर्धपोटी असताना रुग्ण एकटा ताट पुढ्यात घेऊन बसत नाही. त्याला खायला घालायचं तर त्याच्या घरालाही खायला घालावं लागतं.

आणि असा खर्च सरकारी नियमांत बसत नाही म्हणावं, तर तो आधीच बसलेला आहे, फक्त तुकड्यातुकड्यांनी. १९४८च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने मान्य केलं की आजारी कामगाराला औषधाइतकीच मजुरीचीही गरज असते. म्हणून वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं, दीर्घ आजारांत ८० टक्के आणि दोन वर्षांपर्यंत. गिरणीतल्या, कारखान्यातल्या माणसाला जे पंचाहत्तर वर्षांपूर्वी लागू झालं, ते शेतात, वीटभट्टीवर, बांधकामावर राबणाऱ्या बहुतेकांना अजून मिळत नाही. निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाच्या खात्यावर २०१८पासून महिन्याला पाचशे रुपये जमा होत होते, नोव्हेंबर २०२४पासून ते हजार झाले. रेल्वेच्या नियमांत उपचारासाठी निघालेल्या कर्करुग्णाला शयनयान डब्यात पूर्ण सवलत आहे आणि त्याच्या सोबत्याला ७५ टक्के. सोबतीला माणूस लागतो आणि त्याच्या तिकिटालाही पैसे पडतात, हे रेल्वेला कळलेलं आहे. केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पूर्णवेळ शुश्रूषा करणाऱ्यासाठी 'आश्वासकिरणम्' योजनेत महिन्याला ६०० रुपये ठरवले गेले. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती रुग्णासाठी नसून शुश्रूषा करणाऱ्यासाठी आहे, हे महत्त्वाचं. आंध्र प्रदेशाने २०१९मध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीच्या काळासाठी रोज २२५ रुपये, महिन्याला जास्तीत जास्त पाच हजार, अशी योजना सुरू केली. डॉक्टर सांगतील तितके दिवस घरी पडून राहा, चूल आम्ही पेटती ठेवतो, असा तिचा अर्थ.

महाराष्ट्राला यासाठी शब्दही नवा शोधावा लागणार नाही. मेळघाट, नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत नवसंजीवनी योजनेखाली आजारी किंवा कुपोषित मूल दवाखान्यात दाखल झालं, तर सोबत राहणाऱ्या आईला 'बुडीत मजुरी' देण्याची तरतूद आहे. शासननिर्णयांच्या भाषेत इतका नेमका, इतका माणसाच्या तोंडचा शब्द क्वचित आढळतो. मूल वाचवायचं असेल तर आई चौदा दिवस त्याच्याजवळ बसली पाहिजे, आणि ती बसली तर तिची मजुरी बुडते, ती कुणीतरी भरून दिली पाहिजे. कुपोषणाने होणाऱ्या मृत्यूंबद्दल वर्षानुवर्षं झालेल्या टीकेतून, आंदोलनांतून आणि आरोग्य कार्यकर्त्यांच्या अनुभवातून हे शहाणपण आलं. पैसे वेळेवर मिळत नाहीत, ही तक्रारही जुनी आहे. तरी तत्त्व मान्य आहे. मग ते मेळघाटच्या सीमेवर का थांबावं? जालना, धाराशिव इथून मोठ्या शहरात 'रेफर' होणाऱ्या मजुराची मजुरी काही वेगळी नसते.

माझं म्हणणं सरळ आहे. जनआरोग्य योजनेत दाखल होणाऱ्या प्रत्येक रोजंदार कुटुंबाला दाखल असण्याच्या दिवसांची बुडीत मजुरी मिळावी, एका सोबत्याची तरी, आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या विश्रांतीचीही. दाखल झाल्याची तारीख, घरी सोडल्याची तारीख, शिधापत्रिका, बँक खातं हे सगळं योजनेच्या संगणकात आधीच असतं. वेगळा अर्ज नको, वेगळी रांग नको, तहसीलचा आणखी एक दाखला तर मुळीच नको. आजारी माणसाच्या नातेवाइकाला दाखल्यासाठी गावी पाठवणं म्हणजे आणखी दोन दिवसांची मजुरी बुडवणं.

गैरवापर होईल, असा आक्षेप येणारच. काही ठिकाणी होईलही. उपचारांच्या योजनांतही बनावट बिलं सापडली, म्हणून आपण उपचार थांबवले नाहीत. दुसरा आक्षेप असा की राहण्या-जेवण्याची सोय केली तर नातेवाइकांची गर्दी वाढेल. ज्यांनी रुग्णालयाच्या व्हरांड्यात एक रात्र काढली आहे, त्यांनी हा आक्षेप घेतलेला मी ऐकलेला नाही. तिथे डास असतात, संडासाला रांग असते, रात्री दोन वाजता कुणाचं तरी माणूस जातं आणि सगळा वॉर्ड जागा होतो. वाटीभर भातासाठी तिथे कुणी मुक्काम करत नाही. शिवाय आपल्या वॉर्डांत परिचारिका इतक्या कमी आहेत की रुग्णाला कुशीवर वळवणं, भांडं देणं, रक्ताची बाटली आणायला धावणं, ट्रॉली ढकलणं ही कामं हेच नातेवाईक करतात. ते नसतील तर उद्या सकाळी वॉर्ड चालणार नाही. बिनपगारी राबणाऱ्या या माणसाला किमान जेवण देणं हा उपकार कसा म्हणायचा?

जेवणाबाबत एक सोपी वाट होती आणि आहे. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन थाळीचे दहा रुपये रुग्णांच्या नातेवाइकांना परवडतात, हे दिसून आलं आहे. अशी केंद्रं प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात असावीत, दोन्ही वेळा चालावीत, आणि केंद्रचालकांचे पैसे वेळच्या वेळी चुकते व्हावेत.

सरकारी रुग्णालयांत 'समाजसेवा अधीक्षक' नावाचं एक पद असतं. त्याची दखल फार थोडे घेतात. समाजकार्याचं शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था १९३६ साली मुंबईत निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. आणि देशातली वैद्यकीय समाजसेवकाची पहिली नेमणूक १९४६ साली जे. जे. रुग्णालयात झाली. ज्याच्या दाराशी बाबांची धर्मशाळा आहे, तेच हे रुग्णालय. रुग्णाच्या खाटेशी बसून घरी कोण आहे, किती कमावतं, परत कसे जाल, हे विचारणं त्या व्यक्तीचं काम. वॉर्डातले लोक त्यांना सोशल वर्करबाई म्हणतात. पुअर बॉक्स फंडातून औषध मिळवून देणं, ट्रस्टना चिठ्ठ्या लिहिणं, धर्मशाळेत जागा मिळवून देणं, बेवारस रुग्णाचं गाव शोधून काढणं, हे सगळं त्या करतात. हजार खाटांच्या रुग्णालयाला अशी माणसं मूठभर असतात. रिकामी पदं भरणं आणि खाटांच्या प्रमाणात नवी निर्माण करणं, याइतका कमी खर्चात मोठा बदल घडवणारा दुसरा उपाय मला दिसत नाही. मदत कुठेतरी असतेच, पण ती कुठे आहे हे सांगणारं माणूस खाटेपर्यंत पोचत नाही.

आणि आपण, सरकारबाहेरचे लोक? वाढदिवसाला, जयंतीला रुग्णालयात फळवाटप करण्याची आपल्याकडे रीत आहे. ती चांगल्या मनाने होते, याबद्दल मला शंका नाही. केळी वाटताना खाटेखाली बसलेल्या माणसाकडेही एकदा पाहावं, एवढंच सुचवतो. गणेश मंडळं, पतसंस्था, निवृत्त शिक्षकांच्या संघटना यांनी एखाद्या वॉर्डातल्या सोबत्यांचं महिन्याभराचं जेवण पत्करलं, किंवा समाजसेवा अधीक्षकांच्या हाती परतीच्या भाड्यासाठी थोडी रक्कम ठेवली, तर त्याचा उपयोग फार होईल. फोटो मात्र काढू नयेत. मदत घेताना कॅमेऱ्याकडे पाहावं लागलं की माणूस पुढच्या वेळी उपाशी राहणं पसंत करतो.

बाबांची एक आठवण सांगितली जाते. १९४९ साली ते मुंबईत आजारी होते. देशाचे कायदामंत्री डॉ. आंबेडकर दिल्लीला निघण्याच्या गडबडीत होते. निरोप कळताच ते दोन घोंगड्या घेऊन भेटायला आले. कुणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली ती याच सुमारास. राज्यघटनेच्या कामात बुडालेल्या माणसाला आजाऱ्यासाठी घोंगडी न्यावीशी वाटली, हे मला त्या भेटीतलं सर्वांत मोठं वाटतं.

मार्च महिन्यात राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो. बाबांच्या जन्माला दीडशे वर्षं झाल्याचं निमित्त आहे, तेव्हा स्मारकं, पुतळे, पुरस्कार यांच्या घोषणा होऊ शकतात. त्याऐवजी प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात बाबांच्या नावाची धर्मशाळा उभी राहावी, आणि बुडीत मजुरीचं एक स्वतंत्र लेखाशीर्ष त्या अर्थसंकल्पात दिसावं.

त्या मराठवाड्यातल्या मजुराला विसाव्या दिवशी घरी सोडलं. मावशींनी चटई गुंडाळली, वॉर्डातल्या सगळ्यांचा निरोप घेतला आणि जाता जाता मला विचारलं, "दादा, जालन्याची गाडी किती वाजता हाय?" मी वेळ सांगितली. योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णाच्या परतीच्या एसटीचं भाडंही धरलेलं असतं आणि ते रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाकडे, म्हणजे आरोग्यमित्राकडे, मागायचं असतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं. त्यांनाही माहीत नव्हतं. दोघं फाटकापर्यंत हळूहळू चालत गेले, आणि तिथे थांबून मावशी पदराची गाठ सोडून सुटे पैसे मोजायला लागल्या.